मूत्राशयाला विजेची वेसण

आजचा विषय चारचौघांत काढायचा नव्हे, अशी आपल्याकडे समजूत आहे. म्हणूनच तो रेडिओवर घेतलेला बरा. येथे बोलणारा कोणाला दिसत नाही आणि ऐकणाराही कोणाला दिसत नाही.

माझी एक आत्या होती. तरुणपणीच वैधव्य आल्याने ती आमच्याकडेच राहायची. लग्नकार्याला ती सहसा येत नसे. आली तर दाराजवळची जागा धरून बसे. एस.टी.ने कुठे जायचे असले की त्या दिवशी सकाळपासून चहा नाही, पाणी नाही. तिच्या पिशवीत नेहमी एक जादा लुगडे असे. आम्ही मुले ते पाहून हसायचो आणि मोठी माणसे म्हणायची, "आक्काचं सगळंच जगावेगळं." लघवीची घाई झाली की तिला दोन मिनिटांचीही उसंत मिळत नसे, आणि कधी कधी मोरी गाठायच्या आधीच लुगडे भिजून जाई, हे घरात फक्त माझ्या आजीला ठाऊक होते. एकदा वडील तिला तालुक्याच्या गावी दवाखान्यात घेऊन गेले. "वय झालं, आता असं व्हायचंच," एवढे ऐकून दोघे परत आली. तेव्हा तिला पंचेचाळिसावे लागले होते. आज मी त्याच वयाचा आहे. म्हणूनही असेल, पण ते "व्हायचंच" मला फार खटकते. कारण त्या काळीही ह्या दुखण्यावर औषधे होती, आणि दूर सॅन फ्रान्सिस्कोमध्ये माणसाच्या पाठीत एक बारीक तार घालून हट्टी मूत्राशयाला ताळ्यावर आणण्याचे प्रयोग चालू होते. त्या तारेची हकीकत आज सांगायची आहे. मी डॉक्टर नव्हे, महाविद्यालयात शिकवणारा माणूस आहे. तेव्हा औषधाची चिठ्ठी माझ्याकडून मिळणार नाही. काय असते आणि ते कसे चालते, एवढे मात्र सांगता येईल.

आधी मूत्राशयाचे काम पाहू. आपली दोन मूत्रपिंडे रात्रंदिवस रक्त गाळतात आणि मोठ्या माणसाच्या शरीरात दिवसाकाठी साधारण दीड लिटर लघवी तयार करतात. ती थेंबाथेंबाने मूत्राशयात साठते. मूत्राशय म्हणजे नुसती पिशवी नव्हे. तिची भिंतच स्नायूची आहे. पिशवी भरत असताना हा स्नायू सैल राहतो आणि रिकामी करायची वेळ आली की आकसतो. तिच्या तोंडाशी दोन कडी आहेत. तीही स्नायूचीच. आतले कडे आपल्या हुकमाबाहेरचे आहे, बाहेरचे मात्र आपण मनाने आवळू शकतो. दीडशे ते दोनशे मिलिलिटर साठले की पहिली जाणीव होते, आणि चारशे-पाचशेपर्यंत निरोगी माणूस सहज थांबू शकतो.

पाटाच्या पाण्याची व्यवस्था ज्यांनी पाहिली आहे त्यांना पुढचे लगेच कळेल. तलाव भरत असतो, पाटाचे दार बंद असते. पाणी किती चढले हे पाटकरी वरच्या कचेरीला कळवतो, आणि वरून हुकूम आल्याखेरीज दार उघडत नाही. आपल्या शरीरातला पाटकरी मज्जारज्जूच्या तळाच्या टोकाशी बसलेला आहे. कचेरी आहे मेंदूत. इंग्लंडमधले शस्त्रवैद्य बॅरिंग्टन यांनी १९२५ साली मांजरांवरच्या प्रयोगांवरून दाखवून दिले, की मेंदूच्या देठात ह्या कामाचे एक स्वतंत्र ठाणेच आहे. तेथून हुकूम सुटला की एकाच वेळी दोन गोष्टी होतात: मूत्राशय आकसते आणि तोंडाची कडी सैल पडतात. ह्या दोहोंचा मेळ बसणे हीच ह्या कारभारातली खरी खुबी. तान्ह्या मुलाच्या बाबतीत कचेरीचा हुकूम अजून खाली पोहोचत नसतो. तलाव भरला की पाटकरी आपला आपणच दार उघडतो, आणि आईचा पदर भिजतो. पुढे दोन-तीन वर्षांत मूल शिकते ते एवढेच, की कचेरीला विचारल्याशिवाय दार उघडायचे नाही.

मग आत्याचे काय बिघडले होते? तलाव निम्मासुद्धा भरलेला नसताना पाटकरी 'पूर आला, पूर आला' अशी हाकाटी करीत होता आणि हुकमाची वाट न पाहता दार उघडीत होता. अशा रोग्याला दिवसातून पुष्कळदा जावे लागते, रात्री पुन्हा पुन्हा उठावे लागते, आणि घाई अशी की वाटेतच गळती होते. ह्याच्या अगदी उलट तक्रारही असते. मार्गात कसलाही अडथळा नाही, मूत्राशय तुडुंब भरलेले आहे, आणि तरी लघवी होत नाही. दार उघडायचे कसे हेच जणू ते विसरलेले असते. आज सांगायची तार ह्या दोन तक्रारींसाठी आहे. खोकल्यावर, शिंकल्यावर किंवा हंडा उचलताना थोडी लघवी निसटते, तो प्रकार निराळा. तेथे कड्यांची आणि त्यांखालच्या स्नायूंची पकड ढिली झालेली असते. त्याला ही तार नव्हे. उतारवयातल्या पुरुषांची प्रोस्टेट ग्रंथी वाढून मार्ग अडतो, त्यालाही नव्हे. हा फरक मुद्दाम सांगतो, कारण आपल्याकडे ह्या सगळ्यांना मिळून 'लघवीचा त्रास' हे एकच नाव आहे.

आता पाटकऱ्यापर्यंत पोहोचायचे कोठून? कमरेच्या खाली, माकडहाडाच्या वर, एक त्रिकोणी हाड असते. त्याला त्रिकास्थी म्हणतात. त्यात दोन्ही बाजूंना चार-चार भोके असतात, जणू बासरीचीच. शाळेत सांगाड्याचा तक्ता असेल तर शिक्षकांनी ती मुलांकडून मोजून घ्यावीत. ह्या भोकांतून मज्जातंतू बाहेर पडतात, आणि वरून दुसऱ्या, तिसऱ्या व चौथ्या जोडीतले तंतू मूत्राशय, गुदद्वार आणि ओटीपोटाचा तळ यांच्याकडे जातात. त्यांतले तिसरे भोक आपल्या गोष्टीत महत्त्वाचे आहे.

विजेने स्नायू हलतो हे जगाला अठराव्या शतकात इटलीच्या गॅल्व्हानीने बेडकाच्या तंगडीवरून दाखवले. १९५८ साली स्वीडनमध्ये सेनिंग आणि एल्मक्विस्ट यांनी आर्ने लार्सन नावाच्या रोग्याच्या शरीरात हृदयाला ठोके देणारे यंत्र बसवले. हे लार्सन पुढे २००१ सालापर्यंत जगले. हृदयाला विजेने चालवता येते तर मूत्राशयाला का नाही, असा विचार साहजिकच पुढे आला. पण मूत्राशय हृदयासारखे सरळमार्गी निघाले नाही. १९६०च्या दशकात मूत्राशयाच्या भिंतीलाच तारा जोडून पाहिल्या, तर वीज आजूबाजूला पसरून वेदना होऊ लागल्या. १९७०च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत नॅशोल्ड यांनी थेट मज्जारज्जूच्या टोकात तार घातली. मूत्राशय आकसले खरे, पण तोंडाची कडीही त्याच वेळी आवळली. म्हणजे दार बंद ठेवून तलावावर दाब द्यायचा! असे झाले तर पाणी उलटे मूत्रपिंडांकडे चढण्याची भीती.

ह्या कोड्यातून लंडनच्या जाइल्स ब्रिंडली यांनी काढलेली वाट मला फार आवडते. हे गृहस्थ मोठे विक्षिप्त आणि बुद्धिमान. अंध माणसाच्या मेंदूला वीज देऊन त्याला प्रकाशाचे ठिपके दाखवण्याचा प्रयोग त्यांनी केला होता, आणि बॅसून ह्या फुंकून वाजवायच्या वाद्याला विजेची जोड देण्याचाही उद्योग केला होता. त्यांनी हेरले ते असे: मूत्राशयाचा स्नायू मंद आहे, हळू आकसतो आणि हळूच सैल होतो, बाहेरच्या कड्याचा स्नायू मात्र चपळ, वीज थांबली की क्षणात सैल पडतो. मग वीज सलग न देता थोडा वेळ द्यावी, थांबावे, पुन्हा द्यावी. वीज बंद होताच कडे सुटते, पण मूत्राशय अजून आकसलेलेच असते. त्या सवडीत लघवी बाहेर पडते. अशी ती हप्त्याहप्त्याने होते. कण्याला इजा होऊन कमरेखालचे अंग लुळे पडलेल्या माणसांना १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून हे यंत्र बसवले जाऊ लागले. त्यात आत बॅटरी नसते. बाहेरून धरलेल्या डबीतून रेडिओलहरींनी शक्ती पोहोचवली जाते. ह्या शस्त्रक्रियेच्या जोडीला बहुधा कण्यातली जाणिवेची मुळे कापावी लागतात, म्हणून ज्यांची खालची जाणीव आधीच गेलेली आहे अशांनाच ते योग्य.

दुसरी वाट सॅन फ्रान्सिस्कोची. तेथील कॅलिफोर्निया विद्यापीठात मूळचे इजिप्तचे एमिल तनाघो आणि त्यांचे सहकारी रिचर्ड श्मिट हे आधी कुत्र्यांवर आणि १९८०च्या दशकाच्या आरंभापासून माणसांवर हे काम करीत होते. निघाले होते तेही मूत्राशय रिकामे करायलाच. पण त्रिकास्थीच्या तिसऱ्या तंतूला अगदी सौम्य वीज दिली, की अनावर मूत्राशय शांत होते, असे त्यांच्या ध्यानात आले. हाकाटी करणारा पाटकरी गप्प बसला!

हे कसे होते? प्रत्येक शिक्षकाने हे वर्गात पाहिलेले आहे, फक्त ओळखलेले नाही. तास सुटायला दहा मिनिटे आहेत, गुरुजी सोडीत नाहीत, आणि एखादे मूल मांड्या आवळून बसते. लहान मुली एकदम खाली बसून टाच अंगाशी दाबून धरतात. थोड्या वेळाने ती घाईची लाट ओसरते. कडे आवळले की त्याची बातमी मज्जातंतूंतून मज्जारज्जूपर्यंत जाते, आणि तेथून मूत्राशयाला 'थांब' असा निरोप सुटतो, ही शरीराची मुळचीच सोय आहे. विजेची तार हीच बातमी बारीक आवाजात पण अखंड पोहोचवत राहते. ती स्नायूला ढोसत नाही. वर जाणाऱ्या निरोपांत मध्येच बोलते. हे नेमके कोठे आणि कसे घडते, मज्जारज्जूतच की मेंदूतही, ह्याविषयी शास्त्रज्ञांत अजून चर्चा चालू आहे. न सुटणाऱ्या लघवीवरही तीच तार चालते, हे ऐकून मी पहिल्यांदा चक्रावलो होतो. पण वेसण बैलाला थांबवायलाही असते आणि अडून बसलेल्याला चालवायलाही. (आणि जाता जाता शिक्षकांना एक विनंती. मूल जाऊ द्या म्हणाले तर त्याला जाऊ द्यावे. त्या दहा मिनिटांत आपले व्याकरण त्याच्या डोक्यात शिरत नाही.)

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने घाईमुळे होणाऱ्या गळतीसाठी ह्या उपचाराला १९९७ साली परवानगी दिली. १९९९ साली वारंवार होणारी घाई आणि अडथळा नसताना तुंबणारी लघवी ह्यांसाठी, आणि २०११ साली शौचावरचा ताबा सुटलेल्यांसाठीही ती मिळाली. तंतू जवळपास तेच, म्हणून यंत्रही तेच.

बैल विकत घेण्याआधी शहाणा शेतकरी त्याला औताला जुंपून पाहतो. ह्या उपचारात तशीच सोय आहे, आणि शस्त्रक्रियांच्या जगात ती दुर्मीळ आहे. रोग्याला पालथे निजवतात. क्ष-किरणांच्या पडद्यावर पाहत एक सुई त्रिकास्थीच्या तिसऱ्या भोकातून आत घालतात आणि तिच्यातून थोडी वीज सोडतात. सुई नेमकी जागी पोहोचली की नाही हे सांगतो कोण, तर पायाचा अंगठा! गुदद्वाराभोवतीचा भाग आत ओढला गेला आणि त्याच बाजूच्या पायाचा अंगठा खाली वाकला, की डॉक्टरांना तिसरा तंतू सापडला. सगळा पाऊल-घोटा वळू लागला तर सुई एक भोक वर गेली, आणि अंगठा मुळीच हलला नाही तर एक भोक खाली, असा अंदाज बांधतात. मग सुईच्या वाटेने एक बारीक तार सरकवतात. तिच्या टोकाशी वीज देणाऱ्या चार जागा असतात आणि ती निसटू नये म्हणून कणसाच्या कुसांसारखे लहान काटे. तारेचे दुसरे टोक बाहेर ठेवून कमरेला बांधायच्या डबीला जोडतात, आणि रोग्याला घरी पाठवतात.

पुढे आठवडा-दोन आठवडे रोग्याने वहीत नोंद ठेवायची. किती वेळा जावे लागले, किती वेळा गळती झाली, रात्री किती वेळा उठलो. त्रास निम्मा किंवा त्याहून कमी झाला तरच पुढचे पाऊल. नाही झाला तर तार काढून टाकतात आणि व्यवहार मिटतो. चाचणी उतरली, की कुल्ल्याच्या वरच्या भागात कातडीखाली लहानशी जागा करून काडेपेटीहूनही लहान अशी डबी बसवतात. डबी सेकंदाला साधारण चौदा वेळा वीज सोडते, आणि प्रत्येक वेळची वीज सेकंदाच्या एक हजारांशापेक्षाही कमी काळ टिकते. रोग्याला त्या भागात हलकीशी झुणझुण लागते. पुढे पुष्कळांना तीही जाणवेनाशी होते. जोर कमी-जास्त करायला हातात धरायचे छोटे यंत्र मिळते. जुन्या डब्यांची बॅटरी काही वर्षांनी संपे आणि डबीच बदलावी लागे. २०१९ सालापासून अमेरिकेत कातडीवरून भारता येणाऱ्या डब्याही मिळू लागल्या. त्या पंधरा वर्षे चालाव्यात अशा बेताने केलेल्या आहेत.

इतके ऐकल्यावर वाटेल, की मग काय, आत्यासारख्या सगळ्यांनी तार घालून घ्यावी. तसे नाही. जखमेत पू होऊ शकतो, तार जागची हलू शकते, डबीच्या जागी दुखत राहू शकते. काही जणांना पुन्हा शस्त्रक्रिया करून घ्यावी लागते. तार अंगात असताना डायथर्मी नावाचा विजेचा शेक घ्यायचा नसतो. तो जिवावर बेतू शकतो. जुन्या यंत्रांना एम.आर.आय. तपासणीचीही अडचण होती. नव्या यंत्रांत ती पुष्कळ दूर झाली आहे, पण तपासणीपूर्वी सांगायला हवे. दिवस राहिले तर यंत्र सहसा बंद ठेवतात.

शिवाय हा एकच उपाय नव्हे. मूत्राशयाच्या भिंतीत बोट्युलिनम नावाच्या द्रव्याची इंजेक्शने देतात, त्यानेही अनावर स्नायू सैलावतो. अमेरिकेत ह्या दोहोंची स्त्रियांमध्ये समोरासमोर तुलना झाली आणि तिचा निकाल २०१६ साली छापून आला. सहा महिन्यांत दिवसाची गळती सरासरीने इंजेक्शनवाल्यांची ३.९ वेळांनी कमी झाली आणि तारवाल्यांची ३.३ वेळांनी. म्हणजे एवढ्या खटाटोपाची तार इंजेक्शनच्या किंचित मागेच पडली. पण इंजेक्शनवाल्यांपैकी ३५ टक्क्यांना मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग झाला, तारवाल्यांपैकी ११ टक्क्यांना. इंजेक्शनचा गुण काही महिन्यांनी उतरतो आणि ते पुन्हा घ्यावे लागते, हेही हिशेबात धरायला हवे. माझ्या मते निवड रोग्याच्या राहणीवर ठरावी. मोठ्या दवाखान्यापासून शंभर मैलांवर राहणाऱ्याला पुन्हा पुन्हा खेप घालणे जड, तसेच बिघडलेली डबी दाखवायला जाणेही जडच.

ह्याच घराण्यातला एक गरीब भाऊ आहे. घोट्याच्या आतल्या बाजूला, हाडापासून साधारण तीन बोटे वर, पैंजणाच्या जरा वरच म्हणा ना, एक मज्जातंतू असतो. त्याची काही मुळे त्रिकास्थीच्या त्याच तंतूंत आहेत. तेथे बारीक सुई टोचून अर्धा तास सौम्य वीज देतात. आठवड्यातून एकदा, असे बारा आठवडे, आणि गुण आला तर पुढे अधूनमधून. कापाकापी नाही, भूल नाही. मूत्राशयाचे औषध घोट्यात, हे पहिल्याने हसण्यासारखे वाटते खरे!

आपल्याकडे त्रिकास्थीच्या तारेचा उपचार मोठ्या शहरांतल्या निवडक रुग्णालयांत होतो आणि त्याचा खर्च लाखांच्या घरात जातो. म्हणजे ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या आवाक्याबाहेरच. हे दडवून ठेवण्यात अर्थ नाही. पण ह्या तारेपर्यंत पोहोचायच्या आधी ज्या पायऱ्या आहेत त्या स्वस्त आहेत, काही तर फुकट आहेत, आणि पुष्कळांचे काम तेथेच भागते. पहिली म्हणजे लघवीची आणि रक्तातल्या साखरेची तपासणी. मधुमेह, जंतुसंसर्ग किंवा खडा ह्यांमुळेही असाच त्रास होतो, आणि तो निवारता येतो. लघवीत रक्त दिसले तर एक दिवसही थांबू नये. दुसरी, ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळण्याचा आणि सैल सोडण्याचा व्यायाम. अमेरिकेतील डॉक्टर केगेल यांनी १९४८ साली तो लोकांपुढे मांडला. बसल्याजागी, भाकरी थापतानाही तो करता येतो, कोणाला कळतही नाही. तिसरी, मूत्राशयाला वळण लावणे. तासातासाला जावे लागत असेल तर आठवडाभर सव्वा तासाने जायचे, मग दीड तासाने, असे हळूहळू अंतर वाढवायचे. त्यानंतर गोळ्या, आणि इंजेक्शन व तार त्याच्याही पुढे.

आत्या काय करायची? पाणी तोडायची. त्याने लघवी घट्ट होते, मूत्राशयाला अधिक झोंबते आणि जंतूंचे फावते. चहा सोडायची ते मात्र योग्य होते. चहा-कॉफीने घाई वाढते. आणि घराबाहेर पडायच्या आधी 'असू दे आपलं' म्हणून गरज नसताना दोन-तीनदा जाऊन यायची. त्याने मूत्राशयाला थोडक्यावरच रिकामे होण्याची सवय लागते.

डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी तीन दिवसांची एक वही करावी. किती वाजता काय प्यायले, किती वाजता लघवीला गेलो, एखाद्या जुन्या मापाच्या भांड्याने मोजून ती किती झाली, घाई होती का, कपडे भिजले का, रात्री किती वेळा उठलो. घरातल्या बाईला लिहिता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या नातीकडून रेघा ओढून घ्याव्यात. एका वेळेला एक रेघ. तोंडाने सांगायला जे अवघड जाते ते डॉक्टर ह्या वहीतून अर्ध्या मिनिटात वाचतात, आणि मग "वय झालं" असे म्हणणे त्यांनाही सोपे राहत नाही. वहीवर नाव घातले नाही तरी चालेल. वेळ आणि माप मात्र घालावे.